प्रश्न तुमचे: बल्ब थंड, एनटीसी गरम

प्रश्न: 230 व्होल्ट, 100 वॅटच्या पिवळ्या बल्बचा रेझिस्टन्स हिशोबाने 529 ओहम येतो. मीटर मात्र 36 दाखवतो. मीटर बिघडला का?

उत्तर: मीटर ठीक आहे. तुम्ही मोजताय ती थंड फिलामेंट. पेटल्यावर टंगस्टन अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि रेझिस्टन्स चौदा-पंधरा पट होतो. म्हणून बटण दाबताच क्षणभर 6 अँपियरहून जास्त करंट जातो, मग 0.43 वर स्थिरावतो. जुना बल्ब बहुधा बटण दाबतानाच उडतो तो यामुळेच. सिरीज बोर्डचं (दुरुस्तीची वस्तू बल्बच्या सिरीजमध्ये जोडून तपासायचा बोर्ड) कामही यावरच चालतं: पुढे शॉर्ट असेल तर बल्ब तापून स्वतःच करंट अडवतो.

प्रश्न: एसएमपीएसमध्ये (मेनच्या एसीपासून डीसी देणारा स्विचिंग पॉवर सप्लाय) 5डी-9 नंबरचा एनटीसी (तापला की रेझिस्टन्स कमी होणारी टिकली) आहे. लाइट जाऊन लगेच आली की फ्यूज उडतो. जास्त अँपियरचा फ्यूज टाकू का?

उत्तर: मुळीच नको, पुढचा ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) जाईल. एनटीसीचं वागणं बल्बच्या उलट. 25 अंशाला 5 ओहम, काम करताना तापून एक ओहमच्याही खाली. सुरुवातीला रिकामा मेन कपॅसिटर भरताना तो करंट अडवतो, मग वाटेतून बाजूला होतो. लाइट गेली की पुढे जोडलेला लोड हा कपॅसिटर लगेच रिकामा करतो, पण एनटीसी गार व्हायला मिनिटभर तरी लागतो. तेवढ्यात लाइट आली तर अडवणारं कोणीच नाही. उपाय साधा: मिनिट-दोन मिनिटं थांबून चालू करा, किंवा उशिराने जोडणारा टाइमर लावा.

तरीही फ्यूज जात असेल तर मेन बंद करा, कपॅसिटर डिस्चार्ज करा, एनटीसीचा एक पाय सोडवून मोजा. सोल्डरिंगनंतर दहा मिनिटं थांबा आणि टिकली बोटात धरू नका, नाहीतर आकडा कमी येतो. 25 अंशाला 4 ते 6 ओहम चालेल. विदर्भातल्या उन्हाळ्यात, खोलीत 40 अंश असताना, सव्वातीनच्या आसपास दिसलं तरी तो चांगलाच आहे. उगाच बदलू नका. तडा गेलेला असेल तर मात्र बदला. काही कारागीर तिथे सरळ वायर मारतात, तेव्हा तेही बघा. नवा लावताना पाय थोडे लांब ठेवून पीसीबीपासून उचलून बसवा, कारण चालू असताना तो शंभर अंशांच्या वर जाऊ शकतो. कपॅसिटरला टेकलेला असेल तर कपॅसिटर लवकर सुकतो.