आयबीएम पॉवर सर्व्हरला दुसरा एचएमसी जोडताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न असा: एक एचएमसी (हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल, म्हणजे सर्व्हर सांभाळायचा वेगळा कन्सोल) चालू आहे, दुसरा घेतलाय, त्याच स्विचवर लावून आयपी दिला की काम झालं का? नाही. तसं केलं तर स्विच बंद पडला की दोन्ही कन्सोल एकदमच जातील. एलपीएआर (सर्व्हरचे स्वतंत्र चालणारे विभाग) चालू राहतील, पण तुमच्या हातात काही राहणार नाही.

ज्या सर्व्हरमध्ये एफएसपी (सर्व्हर सांभाळणारा वेगळा सर्व्हिस प्रोसेसर) आहे, त्याला एचएमसी१ आणि एचएमसी२ असे दोन पोर्ट असतात. जुना कन्सोल पहिल्यावर राहू द्या, नवा दुसऱ्यावर, आणि स्विच वेगळा. दोन्ही पोर्ट एकाच सबनेटमध्ये चालत नाहीत, म्हणून पहिल्याची डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) रेंज १९२.१६८ मध्ये असेल तर दुसऱ्याला १७२.१६ ची निवडा. एकाच प्रायव्हेट नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर कधीच ठेवू नका.

बहुतेक जण अडकतात ते इथे: वीज मिळाली तेव्हा दुसऱ्या पोर्टला डीएचसीपी सापडलं नाही, तर एफएसपी तिथे १६९.२५४.३.१४७ हा पत्ता धरून बसतो. चालू सर्व्हरची वीज काढायची गरज नाही. लॅपटॉपला १६९.२५४.३.१४० (मास्क २५५.२५५.२५५.०) द्या, एचएमसी२ मध्ये केबल लावा, ब्राउझरमधून एएसएमआय (एफएसपीचं सेटिंगचं वेब पान) उघडा आणि ईथ१ (म्हणजे एचएमसी२ पोर्ट) डायनॅमिक करा, म्हणजे तो डीएचसीपीकडून पत्ता घेईल. ईथ० (एचएमसी१) ला हात लावू नका, नाहीतर चालू कन्सोल तुटेल. सेव्ह केल्यावर तुमचं सेशनही तुटतं. ते अपेक्षितच आहे. मग केबल नव्या स्विचमध्ये हलवा.

सर्व्हर दिसल्यावर नवा कन्सोल एचएमसी ॲक्सेस पासवर्ड मागतो. तो पहिल्यावर ठेवलेलाच आहे, नवा बनवायचा नाही. चुकला तर ‘फेल्ड ऑथेंटिकेशन’ दिसतं.

दोन्हींची व्हर्जन आणि फिक्स सारखे ठेवा. एक वर नेला आणि दुसरा जुनाच जोडलेला राहिला, तर जुन्यावर ‘सेव्ह एरिया व्हर्जन मिसमॅच’ येऊ शकतं. म्हणून अपग्रेड करताना दुसरा आधी सर्व्हरपासून तोडून ठेवणं मला सुरक्षित वाटतं.

एलपीएआरची प्रोफाइल (त्यांची सेटिंग्ज) सर्व्हरवरच असतात, त्यामुळे दोन्हीकडे दिसतात. युझर मात्र आपोआप जात नाहीत, एलडॅप (युझरची एकच सामायिक यादी) लावा. डीएलपीएआरसाठी (चालू एलपीएआरची मेमरी, प्रोसेसर बदलण्यासाठी) प्रत्येक एलपीएआरचं आरएमसी (कन्सोलशी बोलणारी सेवा) दोन्ही कन्सोलशी जोडलेलं हवं: पोर्ट ६५७, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. फायरवॉलमध्ये नव्या कन्सोलचा पत्ता घालायला लोक विसरतात, आणि ऐन वेळी मेमरी वाढवता येत नाही. एआयएक्सवर (आयबीएमची ऑपरेटिंग सिस्टिम) आयबीएम.एमसीपी रिसोर्सची यादी काढा, त्यात दोन्ही एचएमसी दिसले पाहिजेत.

दोन्ही कन्सोल एकाच वेळी कामात असतात, एक राखीव नसतो. एकाने लॉक धरून ठेवला तर दुसऱ्यावरून ‘डिस्कनेक्ट अनदर एचएमसी’ वापरा. दुसरा एचएमसी व्हर्च्युअल (व्हर्च्युअल मशीनवर चालणारा) असेल, तर तो ज्या सर्व्हरला सांभाळतो त्याच्यावरच चालवू नका.

शेवटी एकेक कन्सोल बंद करून उरलेल्यावरून एलपीएआरचा टर्मिनल उघडून पाहा, आणि थोडी मेमरी वाढवून परत काढून घ्या.