ड्रॉपनंतर बीडीएस मिळतंय. घ्यावं की आणखी एक वर्ष थांबावं?

नीटचा निकाल लागला की पुढचे दोन महिने मला येणाऱ्या फोनवर बहुतेक एकच प्रश्न असतो. "मॅडम, एक वर्ष ड्रॉप घेतला. एमबीबीएस थोडक्यात हुकतंय, बीडीएस मिळेल. घेऊन टाकावं का अजून एक वर्ष द्यावं?" ड्रॉप म्हणजे कुठेच प्रवेश न घेता वर्षभर पुन्हा नीटची तयारी, आणि बीडीएस म्हणजे दंतवैद्यकाची पदवी. विचारणारे बहुधा आई-वडील असतात. ज्याला कॉलेजात जायचंय ते लेकरू शेजारी बसून नुसतं ऐकत असतं. मी लातुरात काम करते. इथे गल्लोगल्ली अभ्यासिका, मेस आणि रिपीटर बॅचच्या पाट्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न दर चार घरांआड भेटतो. त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, निवृत्तीला काही वर्षं उरलेली. मुलगी 2024 ला बारावीबरोबर पहिल्यांदा नीटला बसली, मग लातुरात रूम घेऊन वर्षभर रिपीटर बॅच केली आणि 2025 ला पुन्हा बसली. दोघं माझ्याकडे आले तेव्हा वडिलांचा पहिला शब्द होता, "वर्ष पाण्यात गेलं." मार्क साठ-सत्तरनं कमी झाले होते. मुलगी मान खाली घालून बसलेली.

मी रँक विचारली. ती मागच्या वर्षीपेक्षा बरीच वर आलेली होती. घरात निकाल लागून तीन आठवडे झाले होते आणि ही गोष्ट कुणी नीट पाहिलीच नव्हती. सगळे मार्कांवरच अडले होते. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 होते, सुधारित निकालानंतरही ते 17 राहिले. 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 मिळाले. फिजिक्सचा पेपर भल्याभल्यांना आडवा गेला, शिवाय आधी 200 पैकी 180 प्रश्न निवडायची जी मुभा होती ती काढून टाकली. त्यामुळे या दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून काहीच कळत नाही. प्रवेश रँकवर होतो. मुलगी मागे गेली नव्हती, पुढे आली होती. हे ऐकून वडील थोडे सैल झाले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे अजून एक वर्ष दिलं तर होईलच की!"

इथे मी पालकांना थांबवते. एक वर्षात रँक सुधारली म्हणून दुसऱ्या वर्षात तेवढीच सुधारेल, असं धरून चालता येत नाही. ती कशामुळे सुधारली आणि आता कुठे अडली आहे, हे आधी बघावं लागतं.

मुलीला मी मॉक टेस्टची वही घेऊन दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावलं. वही फार नीटनेटकी होती. प्रत्येक टेस्टची तारीख, आणि पुढे तीन रंगांत तीन विषयांचे मार्क. ऑगस्ट ते डिसेंबर आकडे चढत गेलेले दिसत होते. बायोलॉजी 360 पैकी 320 च्या पुढे जाऊन तिथे टिकली होती, त्यात आता फार वाव नव्हता. केमिस्ट्री बरी होती. फिजिक्सचा निळा आकडा मात्र जानेवारीपासून एप्रिलपर्यंत जिथल्या तिथे. एका पानाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रोटेशन पुन्हा." रोटेशन हा फिजिक्सचा धडा. पुढच्या पानावरही तेच, त्याच्या पुढेही तेच.

मी विचारलं, "पुढच्या वर्षी फिजिक्ससाठी वेगळं काय करशील?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तोच क्लास लावू म्हणतात पप्पा. सरांनी फीमध्ये सवलत दिलीय."

माझ्या दृष्टीनं दुसऱ्या ड्रॉपच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच होतं. आकडे अजून चढत असते, किंवा ते कशानं अडले हे तिला सांगता आलं असतं आणि त्यावर नवा काही उपाय हाताशी असता, तर मी स्वतः तिच्या वडिलांना थांबा म्हणाले असते. तोच क्लास, त्याच नोट्स, तीच रूम आणि एक वर्ष जास्तीचा थकवा, एवढ्यावर वर्ष लावू नये. झोप किती होते हेही मी विचारलं. मार्चपासून ती रात्री दोनच्या आत झोपली नव्हती आणि मैत्रिणींचे फोन घ्यायचं तिनं बंद केलं होतं. (कुणाचं मूल जगण्यात अर्थ नाही, मी घरावर ओझं आहे असं बोलत असेल, तर आधी प्रवेशाचा विषय बाजूला ठेवा. शासनाची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 वर आहे, तिथे बोला, डॉक्टरांना भेटा. कॉलेज नंतर बघता येतं.)

गॅपची भीती मी लवकर उरकली, कारण त्या भीतीत फारसा दम नाही. बीडीएसचा प्रवेश नीटच्या रँकवर होतो. मुलाखत नाही, की दोन वर्षं काय करत होतात असं विचारणारं कुणी नाही. कागदपत्रं तपासताना गॅपचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेवढंच. नीट कितीदा द्यायची यावर बंधन नाही आणि वयाची वरची मर्यादा 2022 मध्येच काढली गेली. नियम कुणाला अडवत नाही, म्हणूनच कुठे थांबायचं हे घरात बसून ठरवावं लागतं.

राहिलेलं अर्धं उत्तर डेंटलचं होतं. "तुला डेंटिस्ट व्हायचंय का?" असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, ते मी कधी धरलंच नव्हतं." हे मला जवळजवळ प्रत्येक मूल सांगतं. दोन वर्षं ज्या यादीत एमबीबीएसच्या खाली बीडीएस लिहिलेलं बघितलं, त्या बीडीएसचा माणूस दिवसभर काय करतो हे ठाऊक नसतं. माझ्या ओळखीच्या एका दंतवैद्यांकडे मी तिला आठवडाभर सकाळी बसायला पाठवलं. अट एवढीच, की संध्याकाळी जे पाहिलं ते लिहायचं, आवडलं की नाही ते लिहायचं नाही.

तिनं रूट कॅनालबद्दल दोन पानं लिहिली, पण तिच्या मनात राहिला तो तिसऱ्या दिवशी आलेला एक शेतकरी. तिखट लागत नाही, भाकरीचा घास तोंडात जात नाही, ही तक्रार. डॉक्टरांनी त्याला तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. धडधाकट माणसाच्या तोंडात ती जातात. त्याचं एकच बोट कसंबसं गेलं. वर्षानुवर्षं गुटखा खाऊन गालाची आतली कातडी पांढरी, कडक झाली होती. डॉक्टरांनी गाल आतून चाचपून पाहिला, एक चट्टा दिसला त्याचा तुकडा तपासायला पाठवायचं ठरवलं आणि त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. हे सगळं मुलीनं मला स्वतःची बोटं तोंडापाशी धरून दाखवलं. निकाल लागल्यापासून ती पहिल्यांदाच सलग एवढं बोलली, असं तिची आई नंतर म्हणाली.

तरी ती हरखून गेली असं नाही, आणि तसं झालं नाही याचं मला बरं वाटलं. ती म्हणाली, "हे काम मला जमेल असं वाटतं. आवडेल का, ते आत्ता नाही सांगता येत." अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीकडून याहून खरं उत्तर मी मागत नाही. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात, मापात, एकेक उंचवटा आणि खाच जागच्या जागी. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा तिनं दिल्या होत्या, हे मी विचारल्यावरच बाहेर आलं. घरात त्याला कुणी गुणात धरलं नव्हतं. पण एमबीबीएस गेल्याचं दुःख होतंच, आणि त्यावर "अगं, डेंटलही चांगलंच असतं" अशी फुंकर घालू नका, असं मी घरच्यांना सांगितलं. तिला रडायचं होतं तेवढं रडू दिलं.

वडिलांशी बोलणं जास्त अवघड गेलं. "लोक विचारतील, दाताचीच का? आम्ही काय सांगायचं?" मी म्हटलं, "गुरुजी, लोक दोन दिवस विचारतील. हिला ते काम तीस-पस्तीस वर्षं करायचंय." आपल्या भागात तंबाखू किती खाल्ली जाते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भारतात पुरुषांना सर्वाधिक होणाऱ्या कर्करोगांमध्ये तोंडाचा कर्करोग आहे आणि तो सुरुवातीलाच दिसू शकतो तो बऱ्याचदा दाताच्या खुर्चीवर. मात्र मी त्यांना गुलाबी चित्र दाखवलं नाही. बीडीएस म्हणजे चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर दुसऱ्याच्या दवाखान्यात सुरुवात केली तर हातात येणारे पैसे थोडे असतात. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, सगळ्याला भांडवल लागतं. एमडीएस, म्हणजे त्यापुढची पदव्युत्तर पदवी, करायची तर पुन्हा प्रवेश परीक्षा आणि आणखी तीन वर्षं. खासगी कॉलेजात फीशिवाय हत्यारांचा खर्च दरवर्षी वेगळा. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. दुसऱ्या ड्रॉपचा खर्चही, रूम-मेस-क्लाससकट, मी त्याच पानावर लिहायला लावला.

(फीबद्दल इतर पालकांसाठी एक गोष्ट. 2024 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत आहे. अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. या घराचं उत्पन्न मर्यादेच्या वर होतं आणि मुलगी खुल्या गटातली. खासगी एमबीबीएसचा विचार फीपाशीच संपला.)

मग फॉर्म. राज्याच्या सीईटी कक्षाकडे एमबीबीएस आणि बीडीएसचा पसंतीक्रम एकत्रच भरायचा असतो. म्हणजे "डेंटलला कधी अर्ज करू?" याला खरं तर वेगळी तारीख नसते, त्याच यादीत ते कुठे लिहायचं एवढंच असतं. यादी लागायच्या आधी रेघ मारून ठेवा, असा माझा आग्रह असतो. जागा हातात आल्यावर विचार करायला बसलं की घरात कुणाचंच डोकं थाऱ्यावर राहत नाही. आम्ही कागदावर आधी शासकीय एमबीबीएस लिहिली, शक्यता कमी असली तरी. त्याखाली शासकीय बीडीएस. राज्यात ही कॉलेजं मोजकी आहेत, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि मुंबई महापालिकेचं नायर. तिच्या रँकला ती काठावर होती. त्याखाली खासगी बीडीएसची चारच कॉलेजं, तीही वडील आणि मुलगी स्वतः जाऊन बघून आल्यावर. मी त्यांना इमारत बघू नका, सकाळी दहा वाजता ओपीडीत किती पेशंट बसलेत ते बघा, असं सांगितलं होतं. पेशंट नसतील तर पोरांचा हात कशावर बसणार? एका चकचकीत कॉलेजचं नाव त्यांनी तिथूनच काटलं.

रेघेच्या खाली काहीच लिहायचं नाही. या यादीतलं मिळालं तर घ्यायचं, नाही मिळालं तर थांबायचं, पण मग फिजिक्ससाठी नवा शिक्षक शोधून आणि लातूरची रूम सोडून घरी राहून. यावर दोघांनी मान हलवली.

पहिल्या फेरीत खासगीतलं दुसरं कॉलेज लागलं. प्रवेश घेतला. स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म मात्र भरला नाही, कारण तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून आपण बाहेर पडतो. न भरता पुढे गेलं की वरचं काही मिळाल्यास खालची जागा आपोआप जाते, म्हणूनच यादीत नको असलेलं एकही नाव वर असू नये. पुढच्या फेरीत काही बदललं नाही. शेवटच्या फेऱ्यांचे नियम कडक असतात; ठरलेल्या तारखेनंतर जागा सोडली तर पैसे भरावे लागू शकतात, त्या वर्षीची माहिती पुस्तिका त्यासाठी स्वतः वाचावी. एजंटाच्या तोंडी शब्दावर कुणी राहू नये.

कॉलेज सुरू झाल्यावर वडिलांचा फोन आला. बीडीएस करता करता नीटचा अभ्यास केला तर? हल्ली याला पार्शल ड्रॉप म्हणतात. मी स्पष्ट नको म्हटलं. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि दातांची रचना, वर दुपारभर प्रॅक्टिकल. दोन्हीकडे पाय ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातली बरीच नीटमध्ये तिथेच राहिली आणि पहिल्या वर्षाचे विषयही मागे ठेवून बसली. अपवाद आहेत, पण ते आधीच फार थोडक्यानं हुकलेल्या मुलांचे.

त्याच वर्षी जुलैत एका मुलाला मी नेमका उलटा सल्ला दिला होता. त्याचे मॉकचे आकडे मार्चपर्यंत चढत होते, परीक्षेच्या तोंडावर डेंग्यू झाला, आणि दाताच्या दवाखान्यात दोन दिवस बसून आल्यावर त्यानं ठामपणे सांगितलं की हे मला नाही करायचं. त्याला बीडीएस सहज मिळत होतं. नातेवाईक "हातातलं सोडू नको" म्हणत होते. मी त्याला यादीत बीडीएस लिहूच नको म्हटलं.

फेब्रुवारीत नीटचे फॉर्म सुटले तेव्हा मुलीचाच फोन आला. "मॅडम, फॉर्म भरू का? पप्पा म्हणतात भरून तर ठेव." मी विचारलं, फिजिक्सचं पुस्तक शेवटचं कधी उघडलं? तिला आठवेना. पहिला कोरलेला दात कॉलेजातल्या मॅडमनी पुन्हा करायला लावला होता, तिसऱ्यांदा तो पास झाला, हे मात्र तिनं न विचारता सांगितलं. फॉर्म तिनं भरला नाही. वडील शेवटच्या तारखेपर्यंत रोज आठवण करत होते. तारीख गेल्यावर तो विषय निघाला नाही, आणि मध्यंतरी त्यांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याला दाढ दाखवायला तिच्याच कॉलेजच्या ओपीडीत पाठवलं.