पुण्यात ई-स्कूटर घेतली तर सरकारी अनुदान खरंच हातात पडतं का?

हातात काही पडत नाही, अनुदान लागू असेल तर किमतीतून वजा होतं. शोरूममध्ये आधार पडताळणी होते, मोबाईलवर ई-व्हाउचर येतं, त्यावर तुमची नि डीलरची सही. बिलावर अनुदानाची ओळ वेगळी दाखवलेली असते, ती बघूनच पैसे द्या.

आकडा मात्र रोडावलाय. ई-वाहनांसाठीची केंद्राची 'फेम-२' योजना २०१९ मध्ये १०,००० कोटींची म्हणून आली. दुचाकीला बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-अवरला (म्हणजे एका युनिटला) तेव्हा १०,००० रुपये मिळत, जून २०२१ पासून १५,०००. जून २०२३ मध्ये परत १०,००० झाले. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या केंद्राच्याच 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत आधी ५,००० आणि २०२५-२६ साठी २,५०० होते, तेही कमाल ५,००० रुपये प्रति गाडी. खासगी कारला त्यात छदामही नाही. कारवाल्यांना राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफी आहे, आणि ५ टक्के जीएसटी सगळ्यांनाच.

माझं मत विचाराल तर सरकारचा पैसा आपल्या स्कूटरपेक्षा पीएमपीएमएलच्या (पुण्याच्या शहर बससेवेच्या) ई-बसमध्ये जास्त सत्कारणी लागतो. त्या २०१९ पासून धावतायत. तुम्ही अनुदानाआधी सोसायटीच्या पार्किंगमधल्या प्लगचं बघा. तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायला कमिटी हो म्हणेल, या भरवशावर बुकिंग करू नका.