‘व्हूम्प! देअर इट इज’सारखं एका शहरातल्या क्लबचं रॅप गाणं अख्ख्या अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर कसं गेलं? रेकॉर्ड कंपनीने पैसा ओतला म्हणून का?

नाही हो. पहिला पैसा डीजेच्या आईवडिलांचा होता. 2,500 डॉलर, तेही उसने.

मी सहा-सात सिझन वरातींमध्ये सिस्टीम वाजवली आहे, त्यामुळे ही गोष्ट मला डीजेच्या बाजूनेच दिसते. सिसिल ग्लेन हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरातल्या मॅजिक सिटी क्लबचा डीजे. स्ट्रिप क्लब आहे तो. नाक मुरडायचं असेल तर मुरडा, पण अटलांटात कोणतं गाणं चालणार हे बऱ्याचदा अशाच ठिकाणी आधी कळायचं. नाचणाऱ्या बाईची त्या रात्रीची कमाई गाण्यावर अवलंबून असते, ती उगाच तोंडदेखलं कौतुक कशाला करेल? ग्लेनचा जोडीदार स्टीव्ह गिब्सन हा डेन्व्हरच्या शाळेपासूनचा दोस्त. दोघांचं मिळून नाव टॅग टीम. 1992 मध्ये त्यांनी गाणं रेकॉर्ड केलं, ग्लेनने ते क्लबात लावलं आणि फ्लोअर पेटला.

तरीही कंपन्यांनी ते घेतलं नाही. हा बेसचा दणका दक्षिणेत चालेल, उत्तरेकडच्या लोकांना काय कळणार, असा सूर होता. मला त्याचं नवल वाटत नाही. हे गाणं मायामी बेसच्या घराण्यातलं: 808 ड्रम मशीनचा लांबलेला ‘धूम’, मिनिटाला साधारण 130 ठोके, वर कानो या इटालियन डिस्को गटाच्या 1980 च्या गाण्याचा तुकडा. हे टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर ऐकलं तर निम्मं गाणं गायबच होतं. आमच्याकडे नवरदेवाचा मामा मोबाइलवर गाणं ऐकवून “हे लावा” म्हणायचा. मोबाइलवर ते किरकिरायचं. तेच टेम्पोवरच्या बेसमधून सोडलं की समोरच्या दुकानाचं शटर थरथरायचं आणि मामा स्वतः रिंगणात. उलटही व्हायचं म्हणा. मोबाइलवर झकास वाटलेलं गाणं रस्त्यावर फुसकं निघायचं.

ग्लेनने उसन्या पैशांतून 800 रेकॉर्ड छापून घेतल्या आणि त्या खपल्या. मग गाणं अल बेल यांच्या हाती गेलं. हे मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्सचे एकेकाळचे मालक, दक्षिणेचाच कान असलेला माणूस. त्यांच्या बेलमार्क या छोट्या कंपनीने मे 1993 मध्ये ते बाजारात आणलं. म्हणजे कंपनी आली ती गाणं चालतंय हे दिसल्यावर.

बोल म्हणाल तर त्यात काही नाही. पण “व्हूम्प!” ही हाळी आहे आणि “देअर इट इज” हा गर्दीने द्यायचा जबाब. “एक दोन तीन चार” म्हटल्यावर “गणपतीचा जयजयकार” कुणाला शिकवावं लागतं का? पहिल्यांदा ऐकणारा माणूसही दुसऱ्या वेळी बरोबर ओरडतो. ही आरोळी दक्षिणेतल्या क्लबांत आधीपासून चालत होती. त्याच सुमारास फ्लोरिडाच्या 95 साउथने जवळजवळ तीच आरोळी घेऊन वेगळं गाणं काढलं, तेही चाललं. त्यामुळे यांनी ती शून्यातून शोधली असं मी म्हणणार नाही. ती नेमकी कोणत्या ठोक्यावर सोडायची हे त्यांना कळलं होतं, आणि माझ्या मते ते जास्त अवघड आहे.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. बिलबोर्ड मासिकाचा हॉट 100, म्हणजे अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांची दर आठवड्याची यादी, आधी दुकानं आणि रेडिओवाले काय सांगतात त्यावर ठरायचा. नोव्हेंबर 1991 पासून दुकानात बारकोडवर झालेली विक्री आणि रेडिओवर प्रत्यक्ष काय वाजलं याची यंत्राने घेतलेली नोंद मोजायला लागले. दक्षिणेतल्या दुकानात विकलेली कॅसेट तेव्हापासून खरोखर मोजली जाऊ लागली. हेच गाणं चार-पाच वर्षं आधी आलं असतं तर इतकं वर दिसलं असतं का, मला शंका आहे.

1993 च्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या नंबरवर पोचलं आणि एकूण सात आठवडे तिथे राहिलं. पहिल्या दहात 24 आठवडे! पहिला नंबर तेवढा मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात वर ठाण मांडून बसलं होतं एल्विस प्रेस्लीच्या जुन्या गाण्याचं यूबी40 या ब्रिटिश बँडने जमैकाच्या रेगे ठेक्यात केलेलं रूप. नशीब, दुसरं काय.

बेलमार्कचं 1997 मध्ये दिवाळं निघालं. टॅग टीमचं तेवढं मोठं दुसरं गाणं झालं नाही, पण हे काही मेलं नाही. 2020 च्या शेवटी एका विमा कंपनीच्या जाहिरातीत दोघं परत दिसले: कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, हातात आइस्क्रीमचा चमचा, आणि “व्हूम्प”च्या जागी “स्कूप”. जाहिरात शोधून बघा, पण मोबाइलवर नको, जरा बऱ्या स्पीकरवर.