कलम आधी जागेवर दाखव

सप्रेम नमस्कार.

चौथीची मुलं संविधानाची उद्देशिका धडाधड म्हणतात, पण अर्थ विचारला की गप्प होतात, असं तू लिहिलंस. होणारच गं! ‘सार्वभौम’, ‘अधिनियमित’ हे नऊ वर्षांच्या पोराला दिसतं कुठे? परिपाठात पाठांतर चालू दे, पण शिकवायला तिथून सुरुवात करू नकोस. कलम आधी जागेवर दाखव.

वर्ग पाण्याच्या टाकीपाशी ने. ‘इथे कुणाला अडवता येईल का?’ एवढंच विचार आणि उत्तरं येऊ दे. मग कलम १५ सांग: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानात, उपाहारगृहात, सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर कुणाला मज्जाव करता येत नाही. त्याच तासाला महाडचं चवदार तळं घे, २० मार्च १९२७. तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागलेले बाबासाहेब पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, हे मुलांना नीट कळतं. लहानांपुढे जातीचा विषय कशाला, असं सहकारी म्हणतील. मुलांना जात घरीच कळलेली असते. यावर मी मागे हटणार नाही.

वर्गाच्या दारात कलम २१-क: ६ ते १४ वर्षं मोफत, सक्तीचं शिक्षण, ८६वी घटनादुरुस्ती, २००२. कारखान्याच्या फाटकासमोर कलम २४: १४ वर्षांखालच्या मुलाला आत कामाला ठेवता येत नाही. आठवड्याला एकच कलम. दोन घेतलीस की मुलं आकडे घोकायला लागतात.

‘वर्गाचं संविधान’ हा उपक्रम बहुतेक ठिकाणी फसतो. मुलं ‘बोलू नये, पळू नये’ लिहितात, पुढे दंड लिहितात. झाली शिस्तीची पाटी! संविधान सत्ता असणाऱ्यालाही बांधतं. म्हणून वर्गाने पाच नियम केले, तर त्यांतले दोन तुला बांधणारे हवेत, उदाहरणार्थ ‘ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही’. मग चिठ्ठ्या टाकून थोड्या मुलांना निळी, बाकीच्यांना पिवळी कार्डं दे आणि ‘निळ्यांनी खेळायचं नाही’ यावर मतदान घे. ठराव मंजूर झाला तर तिथेच थांबव, कलम १४ काढ: कायद्यापुढे सगळे समान. बहुमतानेही हे काढून घेता येत नाही. खऱ्या जातीधर्मावर हा खेळ कधीही घेऊ नकोस; आधीच सोसणाऱ्या मुलालाच तो पुन्हा लागतो.

उद्देशिकेचा अर्थ यानंतर. मूळ प्रतीचं चित्र लावलंस तर त्यात ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ नसतील. ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले. मुलं विचारतील, तयार राहा.

आणि २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, भाषणं नकोत. टाकी, वर्गाचं दार, खिचडीची पंगत, ग्रामपंचायत अशा जागी एकेक मूल उभं कर आणि पालकांना तिथे फिरव. ‘इथे कोणतं कलम?’ हे मुलानेच सांगायचं, कागद हातात न घेता.