खापर फोडायला एक सूट

"मुलाखतीला नेव्ही ब्लू सोडून दुसरा रंग चालेल का?" हा प्रश्न खरं तर शिंप्याला विचारायचा. पण मी समुपदेशक असूनही तो माझ्याकडे इतक्यांदा येतो, की आता नवल वाटत नाही. कुणाला मरून हवा असतो, कुणाला तपकिरी, कुणाला थेट मोहरीच्या जवळ जाणारा पिवळा. सूट शिवून होतो, पैसे देऊन होतात आणि मग झोप उडते. त्यातल्याच एकाची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच बैठका थोडक्यात आणल्या आहेत.

तो सत्ताविशीतला, आर्थिक विश्लेषणाचं काम करणारा. सूट बॉटल ग्रीन. आल्या आल्या त्याने मोबाइलवर फोटोंची रांग दाखवली. खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली, पिवळ्या दिव्याखाली. एकाच कापडाचे फोटो, पण एकात ते जवळजवळ काळं, दुसऱ्यात बिलियर्डच्या टेबलासारखं हिरवंगार.

"नऊ जणांना विचारलं, मॅडम. चार हो म्हणाले, चार नको."

"आणि नववा?"

"तो म्हणाला, तुझं तू ठरव."

"त्याचाच सगळ्यात जास्त राग आला असेल."

तो हसला, पण उत्तर सोडायला तयार नव्हता. घालू की नको?

त्याची भीती निराधार आहे असं मी म्हटलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. ब्रिटनच्या सोशल मोबिलिटी कमिशनच्या, म्हणजे सगळ्या थरांतल्या लोकांना पुढे जायची संधी मिळते का हे पाहणाऱ्या सरकारी आयोगाच्या, २०१६ च्या अहवालात गुंतवणूक बँकांमधल्या भरतीबद्दल नोंद आहे, की सुटावर तपकिरी बूट घालून आलेल्या उमेदवाराला ते भोवू शकतं. बुटांचं हे, तर सुटाचं काय! दुसरी बाजूही सांगितली. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांचं तरी लक्ष गेलं असणार, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात गेलं होतं साधारण पाव लोकांचं. त्याने दोन्ही गोष्टी मन लावून ऐकल्या आणि विचारलं, "म्हणजे घालू की नको?"

मी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर पोसलेली. माणसाला घटना जेवढी छळत नाही, तेवढं त्या घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो ते छळतं, हे मी रोज पाहते. म्हणून सुटाचा नाद सोडून मी त्याचं हे आतलं बोलणं शोधत होते. दोन-तीन बैठका हाती काही लागलं नाही. मग एकदा विचारलं, "समज, नेव्ही ब्लू घालून गेलास आणि नकार आला. स्वतःला काय सांगशील?"

बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, "हेच की मी कमी पडलो."

"आणि हिरवा घालून गेलास नि नकार आला, तर?"

"तर सुटामुळे गेलं." हे उत्तर मात्र तात्काळ आलं. बोलून झालं आणि तो थबकला. मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं, की हाती आलेलं निसटतं.

"मॅडम, म्हणजे मी हा सूट हरायला शिवला?"

"हरलास तर मनाला लागू नये म्हणून शिवलास."

मग बाकीचं बाहेर आलं. आधीच्या तीन मुलाखती त्याने नेव्ही ब्लू सुटात दिल्या होत्या. टायची गाठ, बुटांचं पॉलिश, सगळं जिथल्या तिथे. तिन्ही वेळा एका ओळीचा ईमेल, कारण काहीच नाही. सगळं नियमाप्रमाणे करूनही नकार येतो, तेव्हा दोष द्यायला स्वतःखेरीज कुणी उरत नाही. हिरव्या सुटाने ती सोय केली होती. १९७८ साली मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी हाच स्वभाव प्रयोगात पकडला. विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न दिले आणि तरी 'छान केलंत' असं सांगितलं. पुढच्या चाचणीआधी अशा पुरुष विद्यार्थ्यांचा कल डोकं मंद करणारं म्हणून दाखवलेल्या औषधाकडे झुकला. नापास झालो तर खापर गोळीवर.

'रूढ रंगात नकार आला तर काय म्हणशील, आणि वेगळ्या रंगात आला तर?' हा जोडप्रश्न आता मी बहुतेकांना विचारते. दिसायला साधा आहे, पण रंगांवरच्या तासभर चर्चेने जे होत नाही ते तो दोन मिनिटांत करतो, एवढं मी खात्रीने सांगेन.

मग हिरवा सूट कपाटात टाकायचा का? मुळीच नाही. 'नकार आला म्हणजे मी कुचकामी' ही समजूत मोडायची, सूट राहू दे. एलिस लोकांना मुद्दाम चारचौघांत ओशाळं करणाऱ्या गोष्टी करायला लावत. त्याच चालीवर मी त्याला तो सूट घालून भरदुपारी किराणा आणायला पाठवलं. एका बाईंनी त्याला दुकानाचा मॅनेजर समजून साबणाची किंमत विचारली. यापलीकडे आभाळ कोसळलं नाही.

तुम्हीही या पेचात असाल, तर आधी तो जोडप्रश्न स्वतःला विचारा. हिरव्या सुटातही नकाराचं कारण तुमची उत्तरं असू शकतात, हे मान्य होत असेल तर खुशाल घाला. होत नसेल, तर रंगाआधी त्यावर काम करा. नेव्ही ब्लू घालणारा भित्रा असंही समजू नका. डोक्याला एक विचार कमी म्हणून रूढ रंग निवडणं हा शहाणपणाच आहे. क्षेत्र बघा. बँक, वकिली, ऑडिट इथे मोकळीक कमी. जाहिरात, डिझाइन इथे बरीच. शंका असेल तर एचआरला एका ओळीत विचारावं, त्यात कमीपणा नाही.

रंग बोलका असेल, तर बाकी सगळं गप्प ठेवा: पांढरा शर्ट, साधा टाय, चकाकी नसलेलं कापड. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं, की रूढीबाहेरचा पेहराव जाणूनबुजून केलेला वाटला तरच पाहणाऱ्याच्या नजरेत माणसाचं वजन वाढतं. खांदे मात्र नीट बसलेच पाहिजेत, कारण ते नंतर दुरुस्त करणं सगळ्यात अवघड. मुलाखत ऑनलाइन असेल, तर त्याच कॅमेऱ्यासमोर एकदा बसून बघा; कॅमेरा रंग बदलतो आणि बारीक चौकडा पडद्यावर लुकलुकतो. आणि सूट घालून तासभर काम करा. हात सारखा कॉलरकडे जात असेल, तर तो सूट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

तो हिरवाच घालून गेला. नकारच आला. या वेळी मात्र त्याने कंपनीला लिहून कारण विचारलं आणि उत्तर मिळालं: रोख प्रवाहावरच्या प्रश्नाला त्याने फार फाटे फोडले. पुढच्या बैठकीत तेच उत्तर दीड मिनिटात बसवण्यात आमचा तास गेला. पुढच्या वेळी काय घालणार, हे विचारायचं राहूनच गेलं.