चाळीस सेकंद संपली, तरी कुणीच कसं मेलं नाही?

ह्या वेळी बऱ्याच जणांनी ‘डेथ नोट’ ह्या जपानी ॲनिमे मालिकेच्या (ती वही, जिच्यात नाव लिहिलं की माणूस चाळीस सेकंदांत मरतो) शेवटाबद्दल विचारलंय, म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतो. ज्यांनी बघितली नाहीये त्यांनी सरळ पान उलटा, इथे सगळंच फुटणार आहे. बाकीच्यांसाठी उजळणी : लाइट यागामी म्हणजे ‘किरा’ या नावाने वहीतून गुन्हेगारांना मारणारा, मिकामी त्याला देव मानणारा भक्त, एल त्याच्या मागावर असताना मेलेला डिटेक्टिव्ह, निअर आणि मेलो एलचे वारसदार.

प्रश्न : गोदामातला सीन डोक्यावरून गेला. मिकामीने सगळ्यांची नावं लिहिली, लाइट ‘मी जिंकलो’ म्हणाला, मग कुणीच का मेलं नाही? आणि एलच्या पुढे हा निअर अगदीच लिंबूटिंबू वाटतो.

गोंधळ होतो कारण शेवटी शेवटी वह्याच फार झाल्यात. खरी वही मिकामीच्या बँकेच्या लॉकरमध्ये. चारचौघात, म्हणजे ट्रेनमध्ये वगैरे, तो लिहायचा ती नकली, आणि खरे खून व्हायचे ते ताकादाकडे (लाइटच्या बाजूची टीव्ही निवेदिका) दिलेल्या पानांवर. लाइटचा हिशोब असा की निअरचा माणूस जेव्हानी मिकामीच्या मागावर असणारच, तो नकलीलाच खरी समजून तिची पानं बदलेल, निश्चिंत होईल, आणि २८ जानेवारीला निअर गोदामात भेटायला येईल तेव्हा मिकामी खरी वही घेऊन आला की सगळे खलास. प्लॅन कडक होता, आणि निअर त्यात जवळजवळ अडकलाच होता बरं का.

वाचला तो मेलोमुळे. मेलोने ताकादाला किडनॅप केलं, तिने लपवलेल्या कागदावर त्याचं नाव लिहून त्याला संपवलं, इकडे मिकामीला किडनॅपिंगचं कळलं आणि त्याला वाटलं की आत्ता देवाला (म्हणजे लाइटला) हलता येत नसणार, आपणच काहीतरी केलं पाहिजे. म्हणून तो बँकेत गेला आणि खऱ्या वहीत ताकादाचं नाव लिहिलं. गरजच नव्हती हो! लाइटने स्वतःकडच्या वहीच्या तुकड्यावर तिचा निकाल लावलाच होता. आता मिकामी हा घड्याळ लावून जगणारा माणूस, बँकेत जायचा तो महिन्याच्या २५ तारखेला. तो २५ ला जाऊन आला आणि लगेच २६ ला परत गेला, तिथेच जेव्हानीची ट्यूब पेटली. लॉकरमधली खरी वही मिळाली आणि त्याने रातोरात तिची हुबेहूब कॉपी करून तिथे ठेवली. (अख्ख्या वहीतलं ते बारीक अक्षर एका रात्रीत? मला हे अजूनही पचत नाही, पण असो.)

म्हणजे गोदामात मिकामी लिहीत होता ते त्या कॉपीत. ती उघडली तर तिथे हजर असलेल्या सगळ्यांची नावं, फक्त लाइट यागामी हे एक नाव नाही. मग आणखी पुरावा कशाला पाहिजे?

माझं मत विचाराल तर लाइट हुशारीत कमी नाही पडला. त्याला न सांगता मनातलं ओळखणारा भक्त हवा होता, तसाच मिळाला, आणि त्या भक्ताने न सांगता केलेली एकच गोष्ट नडली. निअरबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, पण तो स्वतःच कबूल करतो की एकट्याने एलला गाठता येणार नाही, मेलो आणि तो मिळून गाठतील. ३५ वा एपिसोड परत बघा, खरा निकाल तिथेच लागलाय, ३६ आणि ३७ मध्ये तो फक्त वाचून दाखवलाय.

प्रश्न : जिन्यावर मरताना लाइटला एल दिसतो. भूत का? दोघं एकाच ठिकाणी जाणार का?

भूत वगैरे नाही, माझ्या मते जाता जाता त्याच्या मनात जे उरलं ते दिसलं. त्याआधी पळताना त्याला स्वतःचाच शाळेतला अवतार शेजारून जाताना दिसतो, तसंच हे. मांगात (ज्या कॉमिकवरून ॲनिमे केली त्यात) यातलं काहीच नाहीये. तिथे तो गोदामातच मृत्युदेव रयूकपुढे रडतो, मला मारू नको म्हणून भीक मागतो, अगदी केविलवाणा मरतो. ॲनिमेवाल्यांनी त्याला मावळतीचा उजेड, पियानो आणि शांत चेहरा दिला, त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतं की त्याला माफ केलं. मला मांगाचाच शेवट जास्त प्रामाणिक वाटतो. मेल्यावर कुठे जातात म्हणाल तर मांगात स्पष्ट उत्तर आहे, स्वर्ग नाही नरक नाही, सगळ्यांसाठी एकच, काहीच नसणं. आणि रयूकने दगा दिला असं म्हणू नका, तुझं नाव शेवटी मीच लिहिणार हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता, त्याला फक्त कंटाळा आला होता.

प्रश्न : पण गुन्हे कमी झाले, युद्धं थांबली. मग किराच बरोबर नव्हता का?

सत्तर टक्के गुन्हे कमी झाले हा आकडा सांगतो कोण, तर पकडला गेल्यावर स्वतः लाइट. सोयीचा साक्षीदार! मला विचाराल तर याचं उत्तर पोलिसातल्या मात्सुदाकडे आहे. किराला शोधणाऱ्या अख्ख्या टीममध्ये किराबद्दल थोडी सहानुभूती असलेला हाच, आणि लाइटवर गोळी झाडतो तोही हाच. तो विचारतो की मग तुझे वडील कशासाठी मेले, त्यावर लाइट जे बोलतो ते ऐका, त्यांच्यासारख्या सरळ माणसांचं नुकसान होऊ नये म्हणूनच किरा हवा, असं म्हणतो आणि पुढच्या क्षणी त्याच बापाच्या सहकाऱ्यांना मारून टाका म्हणून ओरडतो. त्याच्या न्यायात कोण वाईट हे रोज बदलत होतं. आधी खुनी, मग त्याला शोधणारे एफबीआयचे एजंट, मग जो कोणी आडवा येईल तो.

प्रश्न : शेवटी लाइटची प्रेयसी मिसा उंच बिल्डिंगवर काळ्या ड्रेसमध्ये उभी आहे. उडी मारते का?

ॲनिमेत दाखवलेलं नाही, कॅमेरा आधीच निघून जातो. मांगाच्या माहिती-पुस्तकात तिच्या मृत्यूची तारीख १४ फेब्रुवारी २०११ दिलीय, आणि मांगात लाइट जातो २८ जानेवारी २०१० ला (ॲनिमेची सगळी वर्षं तीनने पुढे आहेत), म्हणजे साधारण वर्षभराने, व्हॅलेंटाइनच्या दिवशी. चेहरा बघून नाव कळणाऱ्या मृत्युदेवाच्या डोळ्यांसाठी उरलेलं आयुष्य तिने दोनदा अर्धं केलं होतं, त्यातलं काय शिल्लक होतं याचा हिशोब लाइटने कधी केलाच नाही.